महाराजांचा हात आणि हिरवा दिवा

विमानाच्या पुढच्या चाकाभोवतीच्या पिवळ्या रेषेबाहेर अर्धी पाळी गोळा झाली होती. विमान जॅकवर उचललेलं, चाकं अधांतरी. हातातली कामं टाकून आलेले लोक टाचा उंचावून बघत होते, कारण महाराज चाकापाशी निघाले होते.

महाराज म्हणजे कंत्राटावरचे जुने मेकॅनिक. नाव हँगरमधल्या, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमधल्या, लोकांनी दिलेलं, त्यांनी ते मनापासून स्वीकारलेलं. विमानाला जोडलेलं चाचणीयंत्र आपोआप चाकं वर घेई, खाली सोडी आणि ती नीट कुलूपबंद झाली का, हे सेन्सरकडून कळलं की निकाल देई. सकाळपासून पुढच्या चाकाचा निकाल लाल येत होता.

"यंत्राला नुसती वीज पुरत नाही," मनगटातलं जाड लोखंडी कडं फिरवत महाराज म्हणाले. "माया लागते. तुम्ही त्याच्यावर डाफरता, मग ते रुसतं."

पदवीधर इंजिनिअरांनीही माना डोलावल्या.

चाक खाली येऊन थांबलं. यंत्र कुलपाच्या खुणेची वाट पाहू लागलं. महाराजांनी डोळे मिटले, चाकाच्या दांड्यामागे हात घातला, काहीतरी पुटपुटले. यंत्राच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या. एकानं यंत्रालाच नमस्कार केला.

हँगरच्या साहेबांनी कपाळ पुसलं आणि तपासनीस बाईंना सही करायला सांगितलं. सही झाली की विमान चाचणी-उड्डाणाला जाणार होतं. ते नेणारी वैमानिक शिडीपाशी तयार उभी होती. ती बाईंची धाकटी बहीण.

"चाचणी पुन्हा घ्या," बाई म्हणाल्या.

हिरवा निकाल पुन्हा तपासायचा नाही, हा इथला न लिहिलेला नियम. साहेब हलक्या आवाजात समजावू लागले की यंत्र कधी खोटं बोलत नाही.

"नाही बोलत. पण त्याला कुणी खोटं सांगितलं, तर ते त्याला कळतही नाही."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी महाराज रेषेबाहेर होते. लाल.

महाराज हसले. हात लागतोच, हे आता बाईंनीच सिद्ध केलं, असं त्यांचं म्हणणं. गर्दीलाही ते पटलं. बाईंनी त्यांना पुन्हा हात ठेवायला सांगितलं, फक्त कडं काढून. महाराजांचं हसू मावळलं. कडं गुरूंचं आहे, ते उतरवलं तर विमानावर संकट येईल, असं ते म्हणू लागले. दोघे-तिघे घाबरून मागे सरकले. साहेबही म्हणाले, जाऊ द्या ना बाई.

तेव्हा धाकटी पुढे आली. "काका, मी वर चाक सोडीन तेव्हा तिथं हात कोण ठेवणार? शेजारची जागा रिकामी आहे. चला माझ्यासोबत."

महाराजांनी विमानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी मुकाट्यानं कडं उतरवलं.

नुसता हात ठेवला. लाल.

मग बाईंनी एक साधा पाना घेऊन त्याच जागी धरला. हिरवा.

"पान्यानं साधना कधी केली?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईंनी बॅटरीचा उजेड पाडून दाखवलं. कुलपाचा लोखंडी दांडा शेवटपर्यंत आला, तरच सेन्सरला जवळचं लोखंड जाणवतं. इथं सांध्यातलं ग्रीस वाळून दगड झालं होतं. दांडा सूतभर अलीकडेच अडकत होता. ती उणीव कडं भरून काढत होतं. यंत्राला दांडा कोणता आणि कडं कोणतं, हे कळायचं काही कारण नव्हतं. "ते बघायला आपण होतो," बाई म्हणाल्या. "आपण टाळ्या वाजवत होतो."

पहिल्यांदा हे चुकून घडलं, असं महाराजांनी खाली मान घालून सांगितलं. नंतर त्यांना पाहून लोक उठून उभे राहू लागले, मग खरं सांगवेना.

उड्डाण रद्द झालं. महाराजांच्या हाताखालून आधी गेलेली विमानंही जमिनीवर थांबवायला लागली. साहेब एकामागून एक ते फोन करायला बसले.

चमत्कार खरा असेल, तर दुसऱ्यांदा तपासल्यानं तो मोडत नाही. मोडला, तर तो वेळेवर मोडला म्हणून बरं मानावं. हात जोडण्याआधी एकदा वाकून बघा, एवढंच मागणं आहे.

"ताई, पाना कुठाय?" धाकटीनं विचारलं. "पुन्हा विमान नेण्याआधी तो दिवा कसा फसतो, ते मला स्वतः बघायचंय."

बाईंनी तो तिच्या हातात दिला.