डुलकी घेणारा भटजी

लोकांच्या मुलींची रुखवतं करून देणं हा अलकाचा धंदा, आणि ती मुलींनीच केली असं तोंड वर करून सांगणं हा त्या धंद्याचा धर्म. देवासला कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांतल्या मुली हिंदी शाळांत शिकल्या, त्यांना सुई धरता येईना. पण मांडवात रुखवत हवंच. मग त्यांच्या आया पदराआड पिशवी धरून अलकाकडे येत. आधी ती क्रोशाचे रुमाल विणायची. रुमालांना कोणी विचारेना तेव्हा थर्माकोलवर आली, मग पिस्त्याच्या टरफलांवर, शेवटी सुपाऱ्यांवर. सुपारीचे नवरा-नवरी, वऱ्हाडी आणि डुलकी घेणारा भटजी. हा भटजी खरं तर फेविकॉल वाळायच्या आत कलंडला होता. गिऱ्हाईक हसलं, तशी अलकाने तीच आपली कल्पना म्हणून खपवली. कलावंत म्हणतात तो असाच घडतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दोन हजार चार साली तिच्या मुलीचं, किमयाचं, लग्न धारला जमलं. सासूबाई, माई, जुन्या दरबारी वळणाच्या. "देणंघेणं काही नको," त्या म्हणाल्या, "मुलीच्या हातात कला हवी. आमची मोठी सून बघा, रुखवत सगळं स्वतः केलेलं."

"आमच्या किमयाच्या हातातली सुई सुटत नाही," अलका म्हणाली. सवयच ती.

धारचं घर बघायला अलकाचा नवरा सुभाष आणि किमया दोघंच गेले. अलका कुणाच्या तरी रुखवतात अडकली होती.

लग्नात 'चि. सौ. कां. किमयाच्या हातची कला' अशी पाटी लावून तिने रुखवत मांडलं. माई वाकून बघायला लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "अरे वा! हा पंडित तर हूबहू आमच्या सृष्टीचा! शोकेसमध्ये अस्साच झोपलाय. विहीणबाई, हे आणलं कुठून?"

माईंच्या मागे मोठी सून, सृष्टी, पांढरीफटक पडली. "मोठ्या वहिनी सोनकच्छच्या," असं कोणीतरी सकाळीच सांगितलं होतं. सोनकच्छहून एक बाई बसने येऊन सुपाऱ्यांचा सेट गुपचूप घेऊन गेली होती, ते अलकाला आता आठवलं. मुलगी कुठे दिली हे तिने कधीच विचारलं नव्हतं. 'माझाच भटजी' म्हणावं तर सृष्टी उघडी पडणार, 'विकत आणला' म्हणावं तर किमया.

"किमया तुमच्याकडे घर बघायला आली होती ना, तेव्हा शोकेसमध्ये बघितला," अलका म्हणाली. "बघून बघून केला पोरीने."

माई खूश झाल्या. "मोठीइतका नाही जमला. पण हात बरा आहे."

अलकाचा भटजी अलकाच्याच भटजीपुढे हरला. तिला हसू आलं, आणि आत कुठेतरी लागलंही. सुभाष मात्र चार दिवस हसत होता.

महिनाभराने किमयाचा फोन आला. आवाज दबका. "आई, मर गये! माईंच्या भाचीचं लग्न आहे. माई सगळ्यांना सांगून आल्यात, आमच्या दोन्ही सुना रुखवत करणार म्हणून. सृष्टीताई माझ्याच खोलीत दार लावून बसल्यात. मला म्हणतात, तू शिकव. मला काय येतं?"

"रडू नका दोघी. मी करून बसने पाठवते."

"नको ना! माई समोर बसून बघणार आहेत."

अलकाने हातातली सुपारी खाली ठेवली. बाकीच्या आयांना येत नव्हतं म्हणून त्या पिशव्या घेऊन येत होत्या. अलकाला तर येत होतं. लहानपणी किमया टेबलापाशी आली की ही तिचे हात बाजूला करायची, "हात नको लावूस, बिघडेल." ऑर्डर महत्त्वाची. गावाला कला वाटत बसली आणि पोटच्या पोरीला पाटी रंगवून दिली. अलकाला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"ताईंना जवळ बसव," ती म्हणाली. "दोघी एकेक सुपारी घ्या. बुडाला फेविकॉल लावा, थेंबभर."

बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू आली.

"आई, आडवीच होतेय. बिघडली तर?"

"बिघडू दे," अलका म्हणाली.