उरलेला भात

“आणि मी?” अल्सीडनं विचारलं.

“तुम्ही भात!” त्याच्या वकिलीणबाई हसल्या. “शितावरून भाताची परीक्षा, मिस्टर फॉन्टेनो. कंपनीवरचे तीन हजार खटले एकेक करून ऐकायचे तर जजसाहेबांचा जन्म पुरायचा नाही. म्हणून प्रत्येक गटातले थोडे चिठ्ठ्या टाकून निवडले. त्यांना जी भरपाई मिळेल, तिची सरासरी बाकीच्यांना. तुम्हाला कोर्टात यायलाच नको!”

आता बोला! दुसरा कुणी सुटलो म्हणाला असता. पण अल्सीडला यायचंच होतं हो! पोर्ट आर्थरच्या रिफायनरीत पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्यात त्याचा जन्म गेला. संध्याकाळी त्या धुळीनं पांढराफटक होऊन घरी आला, की बायको, ओडील, दारातच अडवायची. “ए, बर्फ बाहेर झटक, मग आत ये!” त्या गावात बर्फ कुठला पडायला! आणि मग तेच कपडे ती झटकून झटकून धुवायची. दोघांच्याही छातीत ती धूळ बसली. त्याला नुसती धाप लागली. ओडील मात्र त्यातच गेली. भर कोर्टात एकदा तिचं नाव घ्यायचं, कपडे तीच धुवायची हे सांगायचं, बस, एवढंच! आरशासमोर रोज घोकायचा. घरात ऐकायला दुसरं होतं कोण?

तर गेलाच तो. निळा सूट चढवून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. आणि साक्षीला, त्याच्या गटातलं शीत म्हणून उभा कोण? रूफस टेटम! त्याच्याच जोडीनं पाइप गुंडाळणारा!

अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीच्या वकिलानं विचारलं, “घरी कपडे कोण धुवायचं?”

“घरी? अहो, मी सडाफटिंग! ते कपडे धुतलेत कुणी? मळानं आपोआप उभे राहायचे!”

सगळं कोर्ट हसलं. अल्सीडही हसला, जुन्या सवयीनं. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं. रूफसचं उत्तर तेच आता त्याचंही. म्हणजे त्याच्याही घरी कपडे धुणारं कुणी नव्हतंच.

खोकत खोकत तो बाहेर निघाला.

“साक्षीदार का तुम्ही?” दारातल्या शिपायानं विचारलं.

“नाही बाबा. उरलेला भात.”

शिपायाला काही कळलं नाही.

घरी आल्यावर पायरीवरच त्यानं कोट काढला, झटकला. काही पडलं नाही. पुन्हा झटकला. दार उघडंच होतं, तरी तो बाहेरच उभा राहिला.