कडेला उभी राहून गाणारी सौम्या

आमच्या विद्यापीठात ऑपेरा शिकवतात हे बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, यात नोकरी लागते का. अख्खं नाटक गाऊन करायचं, तेही माईकशिवाय, हे कळल्यावर त्यांना माझ्या घशाचीच काळजी लागली. बाबा म्हणजे मल्लाप्पा, बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर, शब्दाचे पक्के. एकदा ऐकतो, म्हणाले. पटलं तर पुढं शीक, नाहीतर बेळगावला जाऊन बी.एड. कर.

ते ऐकणं ठरलं येत्या हंगामाची झलक दाखवायच्या दिवशी. ऑगस्टमध्ये इटालियन ऑपेरा, नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनीच रचलेला कन्नड, फेब्रुवारीत मुलांसाठी एक छोटा. इटालियनमधली नायिका मी, आणि नेमका त्याच सकाळी माझा घसा बसला. देवाला खोड्या काढायला दुसरा दिवस मिळाला नाही.

संध्या मॅडमनी ऑपेरातला जुना रिवाज काढला. आजारी गायिकेनं रंगमंचावर नुसता अभिनय करायचा, आणि तिची भूमिका पाठ असलेल्या दुसरीनं कडेला उभं राहून गायचं. ती दुसरी म्हणजे सौम्या. ही भूमिका तिलाही हवी होती, मिळाली मला. तेव्हापासून आम्ही कामापुरतंच बोलायचो. ती मला पाण्यात पाहते असं मी धरूनच चालले होते.

सुरुवातीला तशी घोषणा झाली, पण बाबा होसूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि घोषणा संपल्यावर आत आले. मी ओठ हलवत होते, सौम्या गात होती. तिची नजर सतत माझ्यावर होती. मी श्वास घेतला की ती घ्यायची, मी थबकले की थांबायची. एकदाही तिनं स्वतःचा आवाज मिरवला नाही. आपल्यासाठी कुणी असं गायलं की मनातली अढी टिकत नाही. माझे डोळे भरून आले, ते अभिनयात खपून गेले.

टाळ्या थांबल्यावर बाबा रंगमंचामागे आले. चेहरा लाल.

"त्या पोरीच्या गळ्यावर तू टाळ्या घेतल्यास. हेच शिकवतात इथं? चल, बॅग भर."

मला बोलायला आवाजच फुटेना. सौम्या गप्प राहिली असती, तर माझी भूमिका आयती तिच्या पदरात पडली असती.

"अण्णा, स्वल्प, थोडं ऐका," ती पुढे आली. "कावेरीचा घसा बसलाय. तिनं काय बसवलंय ते तुम्हाला दिसावं म्हणून मी गायले. तिचा आवाज माझ्याहून चांगला आहे. ऑगस्टमध्ये ऐका, मग काय ते ठरवा."

बाबांनी तिच्यापुढे हात जोडले. त्यांना कुणापुढे असे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ऑगस्टची रजा टाकतो, म्हणाले.

"आणि तू कधी गाणार, बाळ?"

सौम्या हसली. कावेरी आजारी पडली तरच, म्हणाली.

मी संध्या मॅडमना गाठलं आणि कुजबुजत सांगितलं, ऑगस्टच्या दोन प्रयोगांपैकी दुसरा सौम्याला द्या. त्यांनी नीट विचार कर म्हटलं. मी म्हटलं, केलाय.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

"मग रजा दोन दिवसांची टाकतो," ते म्हणाले.