तीन नंबर गल्लीचं आंत्रपुच्छ

यशोदाबाई दहावीला बाहेरून दोनदा बसली आणि दोन्ही वेळा जीवशास्त्रात आपटली. बालवाडीत ती मदतनीस होती. मुलांची नाकं पुसायची, बाईंनी गाणं म्हटलं की मागून टाळ्या वाजवायची. पुढच्या जूनमध्ये बाई रिटायर होणार होत्या आणि जागा यशोदाबाईला मिळणार होती, पण दहावी पास असेल तरच. तिला बाईंची ती खुर्ची इतकी हवी होती की झाडतानासुद्धा ती खुर्ची न हलवता तिच्याखालून केरसुणी फिरवायची.

नाशिकरोडला रेल्वेलाइनपलीकडच्या त्या वसाहतीत शिक्षणाचा विषय निघाला की कुणाला गप्प बसवत नाही. रविवारी विहारात वंदना झाली आणि तीन नंबर गल्लीचे सेक्रेटरी जयराम उठले. यशोदाबाईंचं नापास होणं हे गल्लीचं नापास होणं आहे, तरी पुस्तकातला एकेक अवयव एकेका घराला वाटून द्यावा, म्हणजे तो जाता-येता पाठ होईल, असा ठराव त्यांनी मांडला. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर झालं.

मेंदू जयरामने स्वतःकडे ठेवला, हे सांगायला नकोच. नळाशेजारची सुलाबाई हृदय झाली. विमलाबाईच्या घरात खाणारी तोंडं अकरा, तिला जठर दिलं. यकृतावर दोन घरांनी हक्क सांगितला, मतदान घ्यावं लागलं. मोठं आतडं मात्र कुणी घेईना. शेवटी झुंबरने घेतलं, तेही 'मोठं' हा शब्द दारावर ठळक लिहायच्या अटीवर.

वनस्पतींसाठी वेगळी माणसं आणणार कुठून? म्हणून सकाळी तीच गल्ली झाड व्हायची. नळ उताराला, घरं चढावर. हंडे घेऊन बायका चढू लागल्या की ती जलवाहिनी. जलवाहिनीत पाणी वरच चढतं असं पुस्तकात होतं, त्यामुळे भरला हंडा घेऊन खाली उतरायला बंदी झाली. खालच्या गल्लीतल्या बहिणीला पाणी द्यायचं तर विमलाबाईला आधी चढ चढून, वरून वळसा घालून जावं लागे. ती कुरकुरायची, पण वळशानेच जायची.

संध्याकाळी यशोदाबाई घास होऊन गल्लीत शिरायची. दारोदार थांबायचं आणि त्या अवयवाचं काम म्हणून दाखवायचं. जठरात अन्न तीन तास राहतं, तेव्हा विमलाबाईच्या दारात तीन तास थांबलंच पाहिजे, असं मेंदूचं म्हणणं पडलं. अर्ध्या तासावर तडजोड झाली.

राहिलं गल्लीच्या टोकाचं एक घर. तिथे सावळीरामबाबा एकटे राहत. देवळाली कॅम्पाच्या मेसमध्ये तीस वर्षं जवानांना जेवू घालून ते घरी बसले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण यशोदाबाईची प्रश्नोत्तरं तेच घेत. पुस्तक हातात धरायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "बरोबर," नाहीतर "चूक. पुन्हा सांग." जेवण आवडलं नसताना 'छान' म्हणणारी हजारो तोंडं त्यांनी पाहिली होती, ते कधी फसले नाहीत. इतिहास-भूगोल तिने त्यांच्याच जिवावर काढला होता.

वाटपात उरला होता एकच अवयव. जयरामने खडूने बाबांच्या दारावर लिहिलं : आंत्रपुच्छ.

"काम काय याचं?" बाबांनी विचारलं.

जयराम प्रामाणिक माणूस. त्याने पुस्तक उघडून वाचून दाखवलं. "माणसात उपयोग नाही. दुखलं तर कापून टाकतात."

बाबा "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई पुस्तक घेऊन गेली, तर त्यांनी हात पुढे केला नाही. "पोरी, बुकात छापलंय ते खोटं आसंल व्हय? मला काम नाय." तिला रडूच आलं. तिने जयरामकडे धाव घेतली. मूत्रपिंडं दोन आहेत, त्यातलं एक बाबांना द्यावं, असा तोडगा निघाला. पण दोन्ही मूत्रपिंडं सख्ख्या जावा होत्या आणि हलायला तयार नव्हत्या. बाबांचं दार बंद राहिलं. यशोदाबाई एकटीच पाठ करत राहिली, बरोबर की चूक ते सांगणारं कुणी नव्हतं.

ऑक्टोबरात पेपर आला. डोळे मिटून ती दारोदार फिरली आणि भराभर लिहीत गेली. शेवटचा प्रश्न एका मार्काचा होता : मानवी शरीरातील एका निरुपयोगी अवयवाचे नाव लिहा.

उत्तर तिला येत होतं. ते बंद दारासकट डोळ्यांपुढे उभं होतं. दहा मिनिटं ती पेन धरून नुसती बसली. मग तिने लिहिलं, 'आमच्यात असा अवयव नाही.'

निकाल लागला. चौतीस. ग्रेसचे मार्क इंग्रजीने आधीच खाल्ले होते.

विहारात तातडीची सभा भरली. एक मार्क कुणामुळे गेला? विमलाबाईने जठराच्या वतीने शपथ घेतली. झुंबर म्हणाला, मोठ्या आतड्यावर प्रश्नच नव्हता, माझ्याकडे बघू नका. जयरामने विचारलं, "यशोदाबाई, कुठला प्रश्न गेला?"

"आठवत नाही."

"चूक," मागून आवाज आला. सावळीरामबाबा दाराशी उभे होते. पाच महिन्यांत ते पहिल्यांदा बोलत होते. "पुन्हा सांग."

तिने सांगितलं. जयरामने इतिवृत्ताची वही मिटली.

बाबा पुढे येऊन तिच्यासमोर बसले. त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला आणि ते उघडून धरलं.

"माझ्यापायी खुर्ची घालवतीस व्हय? आता मार्चचीच परीक्षा राहिली. त्यात तोच प्रश्न आला, तर लिहिशील ना आंत्रपुच्छ म्हणून?"

"लिहीन, बाबा."

बाबांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"चूक," ते म्हणाले. "पुन्हा सांग."