आदल्या दिवशीचा चेहरा

बावीस वर्षं पार्लरमध्ये दुसऱ्यांच्या हनुवट्यांवर वाकून माझी मान कामातून गेली आहे. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा बोटांत आणि समोर डोळे मिटलेली बाई. चेहऱ्यावर केस सगळ्यांनाच असतात, कबूल कोणी करत नाही. कुणाच्या आईला होते म्हणून, कुणाची पाळी कॉलेजपासूनच अनियमित म्हणून, कुणी कसल्या गोळ्या घेते म्हणून. आणि वर मलाच सुनावतात, तुमच्या दोऱ्याने वाढतात हो. दोऱ्याने काही वाढत नाही. पण सांगून सांगून तोंड दुखलं, आता मी नुसतं हं म्हणते.

बेबी माझी नणंद. चव्वेचाळीस वर्षांची, पण घरात बेबीच. टेलिफोनच्या तक्रार कार्यालयात नोकरी करते, लग्न केलं नाही, आमच्या वरच्या खोलीत राहते. महिन्यातून एकदा माझ्या खुर्चीत बसायची, तीही भुवयांपुरती. आठ महिन्यांपूर्वी ओठांवर सुरू झालं, मग हनुवटी, मग गळा. महिन्याचे पंधरा दिवस झाले, पंधराचे चार. ही मऊ लव नव्हती. काळे, ताठ केस, पुरुषाच्या दाढीसारखे. डोक्यावरचे मात्र कपाळापासून विरळ होत चालले. आवाज बसला तो बसलाच. फोनवर लोक तिला "साहेब" म्हणू लागले. हे ती हसून सांगायची आणि मग दोन दिवस जेवायला खाली यायची नाही.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. एकदा नाही, तीनदा. दर वेळी तेच ऐकून यायची: वजन कमी करा, या वयात पाळी मागेपुढे होतेच. मी म्हटलं, शिकलेली बाई आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मागच्या आठवड्यात तिच्या हनुवटीवर माझा दोरा तुटला.

"उद्या पुन्हा दवाखाना आहे," ती म्हणाली. "जरा नीट कर. गळाही."

"हे बघून डॉक्टर म्हणतात तरी काय?"

"त्यांना कुठे दिसतंय? आदल्या दिवशी तू करून देतेस ना."

"आणि तू सांगत नाहीस?"

"थोडे केस येतात म्हणून सांगते की." मग आरशाकडे न बघता म्हणाली, "छाती-पोटावरचं नाही सांगत. लाज वाटते गं वहिनी."

छाती-पोटावरचं मलाही ठाऊक नव्हतं. मी दोरा गुंडाळून ठेवला. स्वतःच्या हातांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"अशीच चल."

"डोकं फिरलंय का तुझं? दाढी घेऊन जाऊ? बाहेर चार बायका बसलेल्या असतात."

"बसू देत."

"तूच अशी वागलीस तर मी कुणाकडे जायचं?" ती रडायला लागली. मी शेजारी बसले, पण दोरा काही पुन्हा हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तोंडाला ओढणी गुंडाळून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. आत गेल्यावर ओढणी मीच सोडली. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि विचारलं, "किती दिवसांत झालं हे?" ते मी सांगितलं. पडद्याआड नेऊन त्यांनी छाती, पोट, पाठ, मांड्या तपासल्या आणि केस किती दाट त्याप्रमाणे प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण दिले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त गुण मिळाले, बेबी म्हणाली. कोणी हसलं नाही.

"वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात ते वेगळं," त्या म्हणाल्या. "इतक्या झपाट्याने, तेही आवाजासकट, म्हणजे पुरुषी हार्मोन कुठेतरी भलतंच जास्त बनतंय."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयावर गाठ निघाली, लिंबापेक्षा मोठी. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. गाठ कसली, ते काढल्यावरच कळेल.

"आधीच अशी, दोरा न फिरवता आली असती, तर गाठ लहान सापडली असती का?" मी विचारलं.

"असती."

त्यांनी जुने कागद पुढे सरकवले. तीन तारखा आणि तिन्हींपुढे त्यांच्याच अक्षरात: चेहरा नितळ. त्यांचाही चेहरा उतरला होता. बेबीला वाटलं, बाईंना वाईट वाटतंय, म्हणून ती त्या घोगऱ्या आवाजात त्यांनाच समजावू लागली.

"तुमची काही चूक नाही हो. आमच्या वहिनीचं कामच चोख. एक केस मागे ठेवत नाही."