घासलेला खडा

छोट्याशा खोलीत वीसेक माणसं कोंबली होती आणि सगळ्यांच्या नजरा खाटेवरच्या अण्णांच्या फुगलेल्या ओटीपोटावर होत्या. कालपासून त्यांना लघवी झाली नव्हती. थोरली लेक भिंतीला टेकून उभी होती. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आत सगळं बधिर झालं होतं.

"वाटेत खला आलवा बछलाय," खाटेशी बसलेले महाराज जड जिभेनं म्हणाले. बोबडे बोल म्हणजे सिद्धीची खूण, असं त्यांचे भक्त सांगत. मग अण्णांच्या बेंबीला तोंड लावून त्यांनी असा काही आवाज काढला, की मोरीचा तुंबलेला पाइपही लाजला असता. मान वर करून त्यांनी तळहातावर पांढरा खडा थुंकला. तेवढ्यात अण्णांचा पायजमा थोडा ओला झाला.

"सुटली धार," आईनं हात जोडले.

"आता डॉक्टरकडे नेलंत तर खडा परत चढेल," महाराज म्हणाले. एकदम स्वच्छ बोलले.

खडा हातोहात फिरत थोरलीकडे आला. ती अण्णांबरोबर पंधरा वर्षं मशीननं फरश्या घासायचं काम करत होती. सवयीनं तिनं त्यावर अंगठा फिरवला. तीन बाजू खडबडीत, एक गुळगुळीत.

"हा मोझॅकच्या फरशीतला तुकडा आहे, मशीनवर घासलेला," ती म्हणाली. "अण्णांच्या पोटात पॉलिशचं मशीन कोणी चालवलं? गालातून खडा निघाला आणि तुमचं बोबडेपणही गेलं, महाराज."

"अगं, पण धार सुटली ना?" आई पुटपुटली.

थोरलीनं अण्णांच्या ओटीपोटावर हात ठेवला. ते अजून दगडासारखं घट्ट होतं. तिनं सरळ रिक्षा बोलावली.

"ही धार नव्हे," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टाकी काठोकाठ भरली की वरून सांडते, तशी गळती आहे. प्रोस्टेट वाढून वाट बंद झालीये. घरीच ठेवलं असतं तर मूत्रपिंडं कामातून गेली असती."

त्यांनी बारीक नळी घातली. पिशवीत सव्वा लिटर लघवी जमली. अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पॉलिश बरं होतं का गं त्या खड्याचं?"

थोरली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

"मला काय कळणार गं त्या खड्यातलं," खाटेशी उभी असलेली आई म्हणाली.

"फरशीतलं नसेल कळत. पण पोट तर समोर होतं. वीस जणांनी हात जोडले, आई. एकानं तरी पोटाला लावून बघायचा होता."

आईनं जोडलेले हात सोडवले आणि एक अण्णांच्या पोटावर ठेवला. पोट मऊ लागत होतं.