काकूंचा हात आणि माझं पातं

मित्रांनो, कोपऱ्यातल्या या लोखंडी म्हातारीकडे बघून नाक मुरडू नका. मी नक्षी कापणारी विजेवरची करवत आहे, बरं का! दुकानात मला स्क्रोल सॉ म्हणतात. माझं पातं दोऱ्यासारखं बारीक. ते जागच्या जागी खालीवर होतं, लाकूड तुम्ही हातानं फिरवायचं. मोठ्या करवती ओंडके फाडतात; फाडू देत बापड्या. मोरपिसातला डोळा कापून दाखवा म्हणावं!

कारखान्यातून निघाले ती थेट एका फ्रेमवाल्याकडे. फोटोंच्या चौकटींना तो वेलबुट्टी कापायचा. काय बडदास्त ठेवली होती माझी! रोज भुसा झटकायचा, सांध्यांना तेलाचे थेंब सोडायचा, काम संपलं की पात्याचा ताण सैल करायचा. गिऱ्हाईक म्हणे, "काय हात आहे हो तुमचा!" तो म्हणे, "निम्मं श्रेय हिचं." असं बोलणारी माणसं आता राहिलीत कुठे?

पुढे फ्रेमवाला थकला, दुकान बंद झालं आणि मी त्याच्या भाच्याच्या गोदामात येऊन पडले. माझ्या टेबलावर रंगाचे डबे, डब्यांवर फाटकी गादी. ओल लागून गंज चढला. कुत्रं विचारत नव्हतं मला. भंगारात जायचीच वेळ आली होती, तेवढ्यात काका-काकू आले.

काका निवृत्त बसचालक. काकूंचा जन्म शिवणकामात गेलेला, पण आजारपणात त्यांच्या उजव्या हातातलं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, "हात बराच सुधारलाय, आता त्याला कामाला लावा." पण बोटांनी कात्री उघडमीट करणं काही जमेना. माझ्याकडे तसं नाही. दोन्ही तळवे लाकडावर टेकवायचे आणि ते हळूहळू फिरवायचं. म्हणून तर काका मला शोधत आले होते.

जुनी वस्तू घ्यायची तर पारखून! काकांनी माझा वरचा दांडा धरून हलवला, सांध्यात खुळखुळ नाही ना ते पाहिलं. मोटर चालू करून कान लावला, जळका वास येतो का ते हुंगलं. "गंज वरवरचा आहे," ते म्हणाले, "हाड मजबूत आहे म्हातारीचं." म्हातारी म्हणाले, पण मी काही मनाला लावून घेतलं नाही. घर मिळत होतं ना!

घरी आणून त्यांनी गंज घासला, टेबलावर मेण चोळलं, माझे पाय बाकाला बोल्टांनी आवळले. मग नवं पातं बसवलं. चष्मा खिशात ठेवून बसवलं, हे मी बघत होते. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

काकूंनी फळीवर पेन्सिलीनं बदक काढलं आणि फळी पुढे सरकवली. अरे देवा! फळी टेबलावर थाडथाड उडू लागली. रेघ एकीकडे, काप भलतीकडे. बदकाची मानच गेली. दुसरं बदक काढलं, तेही गेलं. काकू जोर लावून फळी दाबत होत्या, पण ती ऐकेल तर शपथ.

"मशीनमध्येच काहीतरी गोम आहे," काका म्हणाले.

"राहू द्या हो. नाचता येईना अंगण वाकडं! मोटर चांगली चाललीय, बोल्ट तुम्ही आवळलेत. हात थरथरतोय माझा."

"अगं, पहिलाच दिवस आहे."

"डॉक्टरांनी उगीच समजूत घातली माझी. हात गेला तो गेलाच. ही परत करून टाका. आणि ते शिलाईचं मशीनही द्या कुणाला तरी. बघवत नाही मला."

मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटत होता. फळीवरचा त्यांचा हात मला कळत होता. तो पहिल्यापासून स्थिर होता. थरथर सगळी माझी होती!

काका माझी वायर काढून आत पाना शोधायला गेले. काकूंनी फडकं घेतलं. परत द्यायची झाली तरी वस्तू पुसून द्यायची, ही त्यांची सवय. पुसता पुसता फडक्याचा धागा माझ्या पात्यात अडकला. त्यांनी खाली ओढला, तो निघेना. वर ओढला, तसा अलगद सुटला. काकू थबकल्या. शिलाई मशीनची सुई उलटी बसली की टाके सुटतात, आणि नवी शिकणारी मुलगी रडत म्हणते, "मला शिवताच येत नाही." अशा कितीतरी मुलींना त्यांनीच सुई सुलटी करून दिली होती.

"अहो, इकडे या! आणि चष्मा लावून या!"

काका वाकले. माझ्या पात्याचे दात छताकडे तोंड करून बसले होते. ते खाली वळलेले हवेत, म्हणजे लाकूड टेबलाशी दाबून धरतात. वर वळले की लाकूड उचलून आपटतात.

"अरेच्चा! मीच उलटं घातलं की!"

"म्हणजे अंगणच वाकडं होतं!" काकू हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

पातं सुलटं झालं. काकांनी ताण दिला आणि बोटानं छेडून पाहिलं. टण्‌ असा आवाज आला. आता फळी टेबलाला धरून राहिली. चोच, मान, पोट, शेपटी, सगळं रेघेवरून निघालं. माझा जीव भांड्यात पडला बघा! काकू आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "बरा आहे हो," त्या म्हणाल्या, "हात बरा आहे माझा." काका नुसतेच भुसा झटकत राहिले, एकाच जागेवर कितीतरी वेळ.

तेव्हा मित्रांनो, जुनं यंत्र घरी आणलंत तर त्याला तेल द्या, भुसा झटका, काम झालं की ताण सैल करा. आणि काम बिघडलं तर लगेच स्वतःला बोल लावू नका. आधी वायर काढा आणि नीट माझ्याकडे बघा. त्या दिवशी तो धागा अडकला नसता तर मी भंगारात गेले असते, त्याचं एवढं काही नाही. पण एक चांगला बरा झालेला हात जन्मभर मांडीवर पडून राहिला असता.